नारळाची सोडणं, सुंगटांची सालं आणि प्लेटिंगचं पाणी

प्रश्न थोडक्यात असा: कुंडई औद्योगिक वसाहतीत निकेल-क्रोम प्लेटिंगचं (मुलाम्याचं) छोटं युनिट आहे. दिवसाला ८,००० लिटर धुवणाचं पाणी निघतं. कच्च्या पाण्यात निकेल लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि चुन्याच्या ईटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रातून) बाहेर पडताना ५ ते ८ राहतं. मर्यादा ३ ची आहे. नारळाच्या काथ्याने ९५ टक्के धातू निघतो असं वाचनात आलं. गोव्यात नारळाची सोडणं (वरची जाड सालं), काजूच्या बोंडांचा चोथा, सुंगटांची (कोळंबीची) सालं यांना तोटा नाही. मग चुना बंद करून हेच वापरलं तर?

चुना बंद करू नका. तुमच्या प्रश्नात एक चांगली कल्पना आहे, पण ती ईटीपीच्या शेवटच्या टोकाला शोभते, सुरुवातीला नाही. आणि तुमच्या बाबतीत तर त्या टोकापर्यंत जायची गरज पडेल का, हेच आधी तपासायला हवं.

त्या ९५ टक्क्यांपासून सुरुवात करू. असे प्रयोग बहुधा चंबूत होतात. लिटरला १० मिलिग्रॅम धातू असलेलं १०० मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यात १ ग्रॅम वाळवलेला भुसा टाकायचा आणि दोन तास हलवायचं. धातू ९५ टक्के गेला, निष्कर्ष तयार. आता हेच प्रमाण तुमच्या ८,००० लिटरला लावा. रोज ८० किलो भुसा, महिन्याला दोन टन. आणि त्या प्रत्येक ग्रॅम भुशाने उचललं किती, तर १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. टक्केवारी खोटी नसते, पण ती भुसा किती टाकला यावर ठरते. कुठलाही अहवाल हातात आला की टक्केवारी सोडून आधी एकच आकडा शोधा: मला जेवढं शुद्ध पाणी बाहेर सोडायचं आहे, तेवढ्या कमी तीव्रतेला एक ग्रॅम माल किती मिलिग्रॅम धातू धरतो. लेखांच्या सारांशात जी 'कमाल क्षमता' ठळक छापलेली असते ती लिटरला शेकडो मिलिग्रॅम धातू असलेल्या पाण्यातली असते. ३ मिलिग्रॅमच्या पाण्यात तिचा दहावा हिस्सा मिळाला तरी बरं म्हणायचं.

हे असं का होतं ते कळण्यासाठी धातू भुशाला चिकटतो कसा हे पाहावं लागेल. मेलेल्या जैविक पदार्थात जीव काही करत नसतो. काथ्यातलं लिग्निन आणि पेक्टिन, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, सालांतलं कायटिन, यांच्या रेणूंवर कार्बॉक्सिल, फिनॉल, अमाइन असे गट असतात. कार्बॉक्सिल गट साधारण पीएच ३ ते ५ च्या दरम्यान आपला हायड्रोजन सोडतो आणि ऋणभारित होतो. मग धनभारित निकेल, तांबं, शिसं तिथे येऊन बसतं आणि आधी बसलेलं कॅल्शियम किंवा सोडियम उठतं. म्हणजे ही बव्हंशी आयनांची अदलाबदल आहे. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन जागा सोडत नाही. पाण्यात कॅल्शियम भरमसाट असेल तर संध्याकाळच्या फोंडा-पणजी कदंब बससारखी गत होते, सगळ्या जागा आधीच भरलेल्या.

इथेच तुमच्या ईटीपीची गोची आहे. आपलं जांभ्या दगडातलं पाणी मुळात मऊ असतं, त्यात कॅल्शियम कमी. पण तुम्ही चुना टाकलात की तेच पाणी कॅल्शियमने भरून जातं. त्यानंतर लावलेल्या काथ्याच्या टाकीला निकेलपेक्षा कॅल्शियमच जास्त भेटतं. म्हणून जैविक माल शेवटच्या टप्प्यात वापरायचाच असेल तर चुन्याऐवजी कॉस्टिक सोड्याने पीएच चढवणं सोयीचं. गाळ थोडा मंद बसतो, पण पुढची टाकी जगते.

त्यात निकेल हा चिकटायला कंटाळा करणारा धातू. शिसं आणि तांबं अशा मालाला पटकन धरतात, कॅडमियम आणि जस्त मध्यम, निकेल बहुधा सर्वात शेवटी. शिशासाठी छापलेले आकडे निकेलला लावू नका.

आता तुमचा हिशोब. चुन्यानंतर ८ आणि बाहेर ३, म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम काढायचे. ८,००० लिटरला ४० ग्रॅम. धुतलेल्या काथ्याच्या भुशाला इतक्या कमी तीव्रतेत मी किलोला २ ग्रॅम निकेल धरतो, त्याहून जास्त धरायचं धाडस करत नाही. म्हणजे रोज २० किलो. भुसा हलका असल्याने हे जवळजवळ रोज एक २०० लिटरचं पिंप झालं. कॅल्शियम लावून घट्ट केलेलं तपकिरी शेवाळ घेतलंत तर किलोला ५ ग्रॅम धरू, म्हणजे रोज ८ किलो. काथ्यापेक्षा बरं, तरी थोडं नाही.

आणि आता ज्या आकड्याने हे सगळं प्रकरण पालटतं तो. तुमचा वॉट्स बाथ (प्लेटिंगचं नेहमीचं निकेल सल्फेट-क्लोराइडचं द्रावण) असेल तर त्यात लिटरला ६० ते ८० ग्रॅम निकेल धातू असतो. तुम्हाला रोज जे ४० ग्रॅम काढायचे आहेत ते बाथच्या एका लिटरपेक्षाही कमी द्रावणात आहेत. कच्च्या पाण्यातलं सगळं निकेल धरलं तरी ते ३२० ग्रॅम, म्हणजे पाच लिटरच्या आसपास बाथ. तेवढा बाथ रोज जॉबना (मुलामा द्यायच्या वस्तूंना) आणि रॅकना (त्या टांगायच्या चौकटींना) चिकटून धुवणाच्या टाकीत जातो. रॅक बाथवर दहा-पंधरा सेकंद जास्त धरला, जॉब टांगताना कोन असा दिला की द्रावण निथळेल, आणि बाथनंतर लगेच, जॉबबरोबर बाहेर आलेलं द्रावण धरणारी, एक न वाहणारी ड्रॅग-आउट टाकी ठेवली, तर यातला मोठा हिस्सा ईटीपीकडे जाणारच नाही. निकेल बाथ ५०-६० अंशांवर चालतो, त्यातून पाणी उडतं. ती घट ड्रॅग-आउट टाकीतल्या पाण्याने भरायची. विकत घेतलेलं निकेल परत बाथमध्ये. रॅक हाताने उचलला जात असेल तर कामगाराला घाई कुणी लावली आहे तेही बघा. नगावर मजुरी असेल तर पंधरा सेकंद कुणी थांबणार नाही.

दुसरी तपासणी याहून स्वस्त. ईटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे दोन नमुने घ्या. एक तसाच, दुसरा ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून गाळून, आणि गाळल्यानंतरच दोन्हींत नायट्रिक आम्ल टाकून पीएच २ च्या खाली आणा. दोन्ही प्रयोगशाळेत द्या. गाळलेल्यात निकेल २ आणि न गाळलेल्यात ७ आलं, तर तुमचा प्रश्न विरघळलेल्या निकेलचा नाहीच. तो न बसलेल्या बारीक हायड्रॉक्साइडचा आहे, आणि त्याला वाळूचा प्रेशर फिल्टर पुरतो. छोट्या युनिटांत मला हेच जास्त वेळा दिसलं आहे.

गाळलेल्यातही जास्त आलं तर पीएच बघा. निकेल हायड्रॉक्साइड नीट बसायला पीएच १० ते १०.५ लागतो. बरेच ऑपरेटर ८.५ वर थांबतात, कारण सोडताना पीएच ९ च्या वर चालत नाही. आधी १०.५ पर्यंत न्या, बसू द्या, गाळा, आणि मग आम्लाने खाली आणा. हा क्रम उलटा करू नका. गाळण्याआधी आम्ल टाकलं तर तरंगणारं हायड्रॉक्साइड परत विरघळतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

पीएच बरोबर असूनही निकेल उतरत नसेल तर बाथ कुठला ते सांगा. इलेक्ट्रोलेस निकेलमध्ये (वीज न लावता चढवलेल्या निकेलमध्ये) सायट्रेटसारखे पदार्थ असतात, काही क्लीनरमध्ये ईडीटीए असतं. हे निकेलला मिठीत धरून ठेवतात. अशा निकेलवर चुनाही चालत नाही आणि सोडणंही चालत नाहीत. ते धुवण वेगळं काढावं लागतं. तसंच तांब्याचा सायनाइड बाथ असेल तर त्याचं पाणी कुठल्याही आम्लाच्या पाण्यात कधीही मिसळू देऊ नका, हायड्रोजन सायनाइड वायू होतो आणि तो माणूस मारतो. भुशाची टाकी आम्लाने धुवायची कल्पना डोक्यात असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

क्रोमियमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण क्रोमचं धुवणही त्याच टाकीत जात असणार, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जैविक मालाच्या बाबतीत सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे.

षट्‌संयुजी क्रोमियम (Cr VI) पाण्यात धनभारित नसतो, तो क्रोमेटच्या रूपात ऋणभारित असतो. चुन्याने तो बसत नाही. काथा किंवा काजूच्या टरफलांची पूड पीएच २ ला घातली की तो झपाट्याने नाहीसा होतो, आणि कित्येक प्रबंधांत 'शोषला गेला' असं लिहून मोकळे झाले आहेत. प्रत्यक्षात बरंचसं क्रोमियम शोषलं जात नाही. भुशातली टॅनिन आणि लिग्निन त्याला इलेक्ट्रॉन देतात आणि तो त्रिसंयुजी (Cr III) होतो. त्या पीएचला त्रिसंयुजी क्रोमियम भुशाला नीट धरतही नाही, पाण्यातच फिरत राहतो. डायफिनाइल कार्बाझाइडची जांभळी चाचणी फक्त षट्‌संयुजी दाखवते, त्यामुळे कागदावर निकाल शून्य येतो. एकूण क्रोमियम एएएसवर (अणुशोषण वर्णपटमापकावर) मोजलं की खरं बाहेर येतं. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २००४ नंतर हे नीट मांडलं, तरी जुन्या पद्धतीचे लेख थांबले नाहीत.

अंतर्गत पृष्ठजलात सोडताना षट्‌संयुजीची मर्यादा ०.१ आणि एकूण क्रोमियमची २ आहे, म्हणून दोन्ही मोजायला सांगा. आणि काढायची रीत जुनीच ठेवा: क्रोमचं धुवण वेगळं, पीएच २ ते २.५, सोडियम मेटाबायसल्फाइट, मग पीएच ८ ते ८.५ ला बसवणं. एक किलो क्रोमियमला हिशोबाने २.७४ किलो मेटाबायसल्फाइट लागतं, प्रत्यक्षात तीनच्या वर धरा. भुसाही हे काम करतो हे खरं, पण स्वतः झिजून, पाण्याला चहाचा रंग देऊन आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं रासायनिक माप) वाढवून.

सीओडीचा मुद्दा कोणी सांगत नाही. कच्चा काथा भिजवला की तपकिरी पाणी सुटतं. बोंडांच्या चोथ्यातून साखर सुटते आणि दोन दिवसांत आंबते, ते तर फेणीच्या भट्टीवाल्यांना सांगायला नको. निकेल पास आणि सीओडी २५० च्या वर, बीओडी (त्याच घाणीचं जैविक माप) ३० च्या वर, असा निकाल हातात येतो. त्यामुळे माल आधी सौम्य आम्लाने, मग भरपूर पाण्याने, मग सोडा ॲशच्या पाण्याने धुवावा लागतो, आणि त्या धुवणाचीही सोय करावी लागते. खाडीत कुजवलेल्या सोडणांचा भुसा घेतलात तर त्यात मीठही असतं.

आपल्याकडच्या मालांबद्दल माझं मत. काथ्याचा भुसा सर्वात सोपा, मिळतो आणि टिकतो. बोंडांचा चोथा मार्च ते मे एवढाच, ओला आणि आंबणारा. वाळवून साठवायचा म्हटलं तर जूनमध्ये त्याला बुरशी येते. गोव्यात पावसाळ्यात कुठलाही माल वाळत नाही, हे उत्तर भारतातल्या गव्हाच्या कोंड्यावर लिहिलेले लेख वाचताना विसरायला होतं. काजूच्या टरफलात तेल असतं, हात भाजतात, नको. सार्गासम हे तपकिरी शेवाळ धातू धरण्यात या सगळ्यांत सरस, त्यातल्या अल्जिनेटमुळे. ते हणजूणच्या खडकांवर दिसतं, पण तिथून ओरबाडून आणायचं नाही. मासळीची पिल्लं त्यातच वाढतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून अल्जिनेट कारखान्यांसाठी वाळवलेलं सार्गासम येतं, घ्यायचं तर ते घ्या. कच्चं वापरलंत तर अल्जिनेट विरघळून टाकी चिकट होते, म्हणून आधी कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात भिजवून घट्ट करावं लागतं.

सुंगटांच्या सालांचा प्रश्न वेगळा आहे. नुसत्या सालांत चुनखडी आणि प्रथिनं जास्त, कायटिन कमी. त्यातून कायटोसान काढायला ४०-५० टक्के कॉस्टिकमध्ये तापवावं लागतं, म्हणजे एक सांडपाणी साफ करायला दुसरं तयार करायचं. युनिटमध्ये हा उद्योग करू नका. तयार कायटोसान विकत मिळतं आणि त्याचा एक उपयोग मला खरोखर आवडतो: सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून, लिटरला काही मिलिग्रॅम एवढंच, हायड्रॉक्साइडचा गाळ बसवायला. बारीक कण जुळून जड होतात आणि ट्यूब सेटलरमधून (गाळ बसवायच्या तिरक्या नळ्यांच्या टाकीतून) निसटत नाहीत. तुमच्या दुखण्याला, म्हणजे तरंगणाऱ्या निकेलला, जैविक मालातलं हेच औषध लागू पडण्याची शक्यता जास्त. जार टेस्ट करून, म्हणजे वेगवेगळ्या भांड्यांत वेगवेगळी मात्रा टाकून पाहून, मात्रा ठरवा. जास्त झालं तर कण परत विखुरतात.

तिसऱ्या आणि खुबे या शिंपल्यांची टरफलं फोडून शेवटच्या टाकीत टाकतात काही जण. आम्ल थोडं जास्त पडलं तर पीएच सावरतात, शिसं आणि कॅडमियम थोडं धरतात. निकेलसाठी फार आशा नको.

जिवंत जिवाणूंचं काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. गोवा विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मांडवी-झुआरीच्या मुखांतल्या शिसं सहन करणाऱ्या जिवाणूंवर चांगलं काम झालेलं आहे. पण प्लेटिंगचं पाणी रोज बदलतं, कधी आम्ल, कधी कॉस्टिक, त्यात अन्न नाही, आणि सोमवारी येतं, रविवारी येत नाही. जिवंत प्रणाली मोठ्या आणि एकसारख्या प्रवाहाला मानवते. नेदरलँड्समध्ये बुडेल इथल्या जस्ताच्या कारखान्यात १९९२ पासून सल्फेट खाणारे जिवाणू भूजलातलं जस्त सल्फाइड करून बसवू लागले. तिथे हायड्रोजन सल्फाइड सांभाळायला प्रशिक्षित माणसं आहेत. तुमच्या शेडमध्ये तो वायू मला नको आहे.

बाजाराचा इतिहासही जाणून घ्या. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल वोलेस्की यांनी समुद्री शेवाळावर आयुष्य घालवलं. अमेरिकेत क्लोरेला शेवाळ सिलिकात बसवलेलं अल्गासॉर्ब आणि खाण खात्याचे पीट मॉसचे बायो-फिक्स मणी निघाले. पाण्यात ते चालले, बाजारात आयन-एक्स्चेंज रेझिनपुढे (आयनांची अदलाबदल करणाऱ्या कारखान्यातल्या कृत्रिम मण्यांपुढे) टिकले नाहीत. रेझिनची प्रत्येक गोणी सारखी असते, शेवाळ दर हंगामात बदलतं. तुमच्या ईटीपीवाल्याने निकेलसाठी चिलेटिंग (धातूला घट्ट पकडणाऱ्या) रेझिनची छोटी टाकी सुचवली तर तो तुम्हाला लुटतोय असं समजू नका. भावाची तुलना करताना भुशाच्या बाजूला विल्हेवाटीचा खर्चही मांडा.

आणि विल्हेवाट हीच खरी अडचण. निकेल धरलेला काथा हा काथा उरत नाही. घातक आणि इतर कचरा नियम २०१६ प्रमाणे तो तुमच्या ईटीपीच्या गाळासारखाच घातक कचरा होतो. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीची नोंदपत्रं) करून अधिकृत जागीच पाठवायचा, आपल्याकडे पिसुर्लेला ती सोय आहे. रोज २० किलो कोरडा म्हणजे ओला किती होईल याचा अंदाज करा, काथा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, आणि पैसे वजनावर जातात. नर्सरीवाले कोकोपीट मागत येतील, त्यांना देऊ नका. कुळागरात माडाच्या आळ्यात टाकू नका. भट्टीला जळण म्हणून तर मुळीच नको, धातू राखेत राहतो, आणि चुन्याबरोबर जळलेलं त्रिसंयुजी क्रोमियम परत षट्‌संयुजी होऊ शकतं. आम्लाने धुवून भुसा पुन्हा वापरता येतो, निकेल थोड्या पाण्यात गोळा होऊन परत चुन्याच्या टाकीत जातं. चार-सहा फेऱ्यांनंतर भुशाचा लगदा होतो, तेव्हा तोही शेवटी पिसुर्लेलाच.

हे सगळं वाचूनही करून पाहायचं असेल, आणि गाळलेल्या नमुन्यात निकेल ३ ते ६ च्या मध्ये येत असेल, तर लहान प्रयोग करा. चार इंची पीव्हीसी पाइप घ्या, त्यात धुतलेला, अर्धा ते दीड मिलिमीटरच्या चाळणीतला भुसा एक मीटर उंच भरा. तो भिजून फुगतो, म्हणून वर हातभर जागा सोडा. धूळ राहिली तर पाइप तुंबतो, लांब तंतू राहिले तर पाणी कडेने वाट काढतं. आत सुमारे आठ लिटर माल बसेल. वाळूच्या फिल्टरनंतरचं, पीएच ६ वर आणलेलं पाणी मिनिटाला ४०० मिलिलिटर सोडा, म्हणजे वीस मिनिटं संपर्क. दर दोन तासांनी खालचा नमुना घ्या. माझ्या हिशोबाने दीड पाळीत निकेल खालून दिसू लागेल. तीन पाळ्या टिकला तर मला कळवा, मग दोन टाक्या एकामागे एक लावून पुढची भरली की मागची पुढे आणायची रचना सुचवतो. मोठी टाकी बसवण्याआधी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कन्सेंटमध्ये (युनिट चालवायच्या परवानगीत) बदल नोंदवावा लागेल. आणि प्रयोग ऑक्टोबरनंतर करा, पावसाळ्यात भुसा वाळणार नाही आणि छपरावरचं पाणी तुमच्या टाकीत येत असेल तर सगळे आकडे पातळ होतील.